सोडलेली ओळ

मास्तरांनी शब्दकोशाचा तिसरा खंड उघडला, पत्र जागच्या जागी आहे हे पाहिलं आणि खंड पुन्हा मिटला. एकोणीस वर्षांत हे त्यांनी किती वेळा केलं असेल, कुणास ठाऊक. पत्र वाचायची गरज नव्हती, ते तोंडपाठ होतं. पण आहे की नाही हे अधूनमधून पाहावं लागे. उत्तर दिलं नाही ते नाहीच, निदान पत्र तरी हरवू नये, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

“सापडलं का?” स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

“काय?”

“जे शोधताय ते.”

“एक शब्द पाहत होतो.”

“बरं,” ती म्हणाली. भांडी विसळण्याचा आवाज थांबला नाही.

मास्तर खुर्चीवर बसले, पुन्हा उठले आणि टेबलावरचे कागद सारखे केले. अकरा वाजता पैलवानाची मुलगी येणार होती. बचाव करणाऱ्या कुत्र्यांवरच्या पुस्तिकेचं काम कुठवर आलं ते विचारणार होती, आणि ते जिथवर आलं होतं तिथून गेले दोन महिने हललं नव्हतं.

मास्तर कधीच शिक्षक नव्हते. बचावकामासाठी कुत्री तयार करणाऱ्या केंद्रात ते कारकून म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्यांचा जाड चष्मा आणि काखेतलं पुस्तक पाहून पैलवान म्हणाला, या मास्तर. ते नाव चिकटलं. पैलवानाचं नाव त्याच्या आधीच पडलेलं होतं. तो इतका किडकिडीत होता की कुत्री पट्ट्याला धरून त्याला फिरवायला नेते की तो कुत्रीला, असा प्रश्न नव्या माणसाला पडे. पण कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा होता.

आवकजावक, कुत्र्यांच्या खाण्याचा हिशोब, लशींच्या तारखा, असं मास्तरांचं काम. दुसऱ्या आठवड्यात सरावासाठी लपणारा माणूस आजारी पडला. पैलवान टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, तासभर गप्प पडून राहता येईल का. मास्तर म्हणाले, मला तेवढंच येतं. त्या दिवसापासून ते पथकाचे लपणारे झाले ते निवृत्त होईपर्यंत.

कुत्र्याला माणूस शोधायला शिकवायचं, तर आधी कुणीतरी हरवावं लागतं. मास्तर सिमेंटच्या पाइपात, फळ्यांच्या ढिगाखाली, मुद्दाम पाडलेल्या खोल्यांत जाऊन पडत. कुत्री नाक वर करून हवेतून वास घेत येई, वास जिथे सगळ्यात दाट तिथे थांबे आणि तिला हाताळणारा हँडलर येईपर्यंत भुंकत राही. मग तिला चेंडू मिळे. नव्या पोरांना पैलवान सांगायचा, तिला माणूस वाचवायचा नसतो, तिला चेंडू पाहिजे असतो. तिच्या खेळात आपण माणूस वाचवून घ्यायचा.

मास्तरांना ते काम आवडलं. पाइपात कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. छोटी बॅटरी आणि पुस्तक घेऊन ते आत जात, आणि कुत्री लवकर आली की प्रकरण अर्धवट राहिल्याची त्यांना थोडी चुटपुटच लागे. बायको म्हणायची, इतरांचे नवरे कमावतात, आमचे लपतात. घरी पाहुणे आले की ती पलंगाखाली वाकून पाही आणि म्हणे, बाहेर या, तुम्हाला चेंडू देते.

पैलवानाची मुलगी बरोबर अकराला आली. ती आता त्याच केंद्राची प्रमुख होती, पण मास्तरांच्या घरात शिरताना अजून लहानपणीसारखी चप्पल कोपऱ्यात नीट लावायची. तिनं लिहून झालेली प्रकरणं उभ्याउभ्याच चाळली. बर्फात वाट चुकलेल्यांना शोधणारी डोंगरातली कुत्री. लढाईत मेलेल्यांपाशी न थांबता जखमींकडे जायला शिकवलेली. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटांवरून पहिल्यांदा चालवलेली, पंजे चिरले जात म्हणून ज्यांना कुणीतरी कातड्याचे मोजे शिवले ती. तिनं मान डोलावली.

“छान लिहिलंय, मास्तरकाका. पण आपल्या केंद्राचं प्रकरण?”

“होईल.”

“दोन गोष्टी अडल्यात माझ्या. तुम्हालाच माहीत असणार.”

तिनं पिशवीतून नियमांची पातळ वही काढली आणि अकराव्या नियमावर बोट ठेवलं. खऱ्या ढिगाऱ्यात आपला माणूस कधीही लपवू नये. लपवायचाच तर शंभर पावलं दूर, वेगळ्या जागी. बाकी प्रत्येक नियमाखाली त्याचं कारण दिलेलं आहे, ती म्हणाली, याच्याखाली नाही. नियम बाबांनी घातला. बाबांना विचारलं तर म्हणतात, मास्तरला विचार.

“असं म्हणाला?”

“प्रत्येक वेळी. आणि दुसरं हे.” तिनं कापडात गुंडाळलेली जाड नोंदवही टेबलावर ठेवली. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले होते. पान तिनं आधीच खूण घालून ठेवलं होतं. “तुमच्या सगळ्या वह्या चाळल्या मी. तुम्ही ओळ सोडत नाही. पान उरलं तर तिरकी रेघ मारून खाली सही करता. हे एकच पान असं आहे. चार दहाची नोंद, मग एक ओळ कोरी, मग एकदम सात.”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

“राहिली असेल.”

“तुमच्याकडून?”

 तिनं रेटलं नाही. बायकोशी चार शब्द बोलून ती निघाली. वही मात्र तिनं टेबलावरच ठेवली, आणि ती विसरून राहिलेली नव्हती.

त्या कोऱ्या ओळीकडे मास्तर बराच वेळ पाहत बसले. कागद तिथे बाकीच्या पानापेक्षा पांढरा दिसत होता, किंवा तसा त्यांना वाटत होता.

एकोणीस वर्षांपूर्वी कोसळलेली चार मजली इमारत होती. तिसरा दिवस होता. मिरी नावाची काळी कुत्री, पैलवानाची सगळ्यात हुशार, दोन दिवसांत सात जणांपाशी जाऊन पोचली होती आणि सातही गेलेले निघाले होते. मिरी जिवंत माणसासाठी भुंकायची. गेलेल्यापाशी ती नुसती बसून राही आणि कान पाडी. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाणीसुद्धा प्यायचं सोडलं आणि ढिगारा उपसणाऱ्या यंत्राच्या सावलीत जाऊन तोंड फिरवून पडली. असं झालं की करायचा उपाय ठरलेला होता. कुणी सुरू केला, ते मास्तरांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं, पण सगळी पथकं तो करत. आपलाच धडधाकट माणूस ढिगाऱ्यात लपवायचा, कुत्रीला तो शोधू द्यायचा, तो बाहेर आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुत्रीला वाटतं, जग ठिकाणावर आहे. ती पुन्हा कामाला लागते.

“मास्तर, आत जा,” पैलवान म्हणाला. “तिला एक तरी जिवंत माणूस दाखवायला हवा.”

पूर्वेच्या कोपऱ्यात एक तिरपा स्लॅब होता. इंजिनिअरनं पाहून दिला. मास्तर पोटावर सरकत सातआठ फूट आत गेले. खिशात सवयीनं पुस्तक होतं, पण तिथे बॅटरी लावून वाचायची त्यांना लाज वाटली. ते अंधारात पडून राहिले. आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला. ठक. थोडा वेळ काही नाही. ठक. पुन्हा तेवढाच वेळ. ठक. मोजायची सवय असल्यामुळे त्यांनी मोजलं; दोन आवाजांत प्रत्येक वेळी चार आकडे बसत होते, ना कमी ना जास्त. वरची टाकी फुटलेली होती. पाणी ठिबकत असणार. अडकलेला माणूस असा इतका सारखा, इतका शहाण्यासारखा वाजवत बसत नाही. तो ओरडतो, धडाधडा आपटतो. ते असा विचार करत होते तेवढ्यात डोक्यावर मिरी भुंकली, फटीतून उजेड आला, आणि पैलवानाचे हात दिसले.

बाहेर टाळ्या चालू होत्या. दोरीपलीकडचे लोकही टाळ्या वाजवत होते, कारण हा सराव आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोरीखालून वाकून एक बाई धावत आली. मास्तर धुळीनं पांढरे झालेले, चष्मा वाकडा, खिशातून पडू नये म्हणून पुस्तक हातात धरलेलं. ती अगदी जवळ येऊन थांबली. तिनं त्यांचा चेहरा पाहिला, मग पुस्तकाकडे पाहिलं.

“हा आमचाच माणूस आहे, ताई,” पैलवान हळू म्हणाला.

ती मागे वळली आणि दोरीखालून परत गेली.

आत पाणी ठिबकतंय बहुतेक, हे वाक्य मास्तरांनी मनात जुळवलं होतं. दोन इंजिनिअर उभे होते, अधिकारी होते, हयात या कामात घालवलेली माणसं होती. कारकुनानं येऊन त्यांना पाण्याचं सांगायचं? त्यांनी ते वाक्य पुन्हा तपासलं, त्यातला ‘बहुतेक’ काढला, परत घातला. तोवर सगळे पांगले होते. मग ते खोक्यावर बसले आणि त्यांनी लिहिलं: चार दहा, मिरी, पूर्व कोपरा, भुंकली, सराव.

सहाला दहा कमी असताना मिरी पश्चिमेकडे जाता जाता त्याच कोपऱ्यापाशी थांबली आणि भुंकली. अधिकाऱ्यानं यंत्र थांबवून विचारलं, काय आहे. पैलवानानं तिला मागे घेतलं, पुन्हा सोडलं, क्षणभर तिच्याजवळ वाकला. मग उठून म्हणाला, मास्तरचा वास आहे, दीड तासापूर्वी तो तिथेच लोळलाय. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि यंत्र पश्चिमेला गेलं. पैलवान मास्तरांपाशी आला.

“हे लिहू नकोस,” तो म्हणाला. “उगाच घोळ होईल.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. सात वाजता पुढची नोंद आली तेव्हा त्यांनी ती एक ओळ सोडून लिहिली. असं का केलं, ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी त्याच कोपऱ्यात, आणखी दहा फूट आत, एक माणूस निघाला. त्या वेळी मिरी भुंकली नाही. कान पाडून बसली.

पत्र पाच महिन्यांनी केंद्रात आलं. पाकिटावर लिहिलं होतं: चष्मेवाले, हातात पुस्तक असलेले गृहस्थ, यांस. शिपायानं हसत हसत आणून दिलं.

“नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही, पण मी तुम्हाला पाहिलंय. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मला वाटलं, माझा भाऊ आला. तो तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करायचा. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. तुमच्यावर माझा राग नाही. मला एकच विचारायचं आहे. ती काळी कुत्री त्या कोपऱ्यात दोनदा भुंकली. एकदा तुमच्यासाठी, आणि दिवस कलताना पुन्हा. मी दोरीपाशीच होते. चौकशीत मी हे सांगितलं, तर साहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, एकदाच. घरचे म्हणतात, ताई, तुला भास झाला. मी ऐकत नाही म्हणून मला गोळ्या चालू केल्या आहेत. मला कुणाला दोष द्यायचा नाही. माझे कान मला परत हवे आहेत. एकदा की दोनदा, एवढंच कळवा. एक शब्द पुरे.”

पहिल्यांदा वाचताना मास्तर ‘घड्याळं’ या शब्दापाशी थांबले होते, आणि पुढची पाचसहा वाक्यं त्यांनी नंतर कधीतरी वाचली.

एक शब्द. तो लिहिला तर पैलवान खोटा ठरत होता, मिरीच्या सगळ्या कामावर शिंतोडा उडत होता, आणि त्या बाईला गोळ्यांऐवजी दुसरं काहीतरी मिळत होतं, जे गोळ्यांनी जाणारं नव्हतं. शिवाय तो वास खरोखरच आपला असला तर? हा ‘तर’ त्यांनी एकोणीस वर्षं जपला.

संध्याकाळी बायको टेबलापाशी येऊन बसली. वहीकडे तिनं पाहिलं नाही.

“ते पत्र,” ती म्हणाली, “त्याचं काय करायचं ठरवलंत?”

“कुठलं पत्र?”

“अहो, कपाटातली सगळी पुस्तकं मी पुसते. सगळ्यांवर धूळ असते. एका तिसऱ्या खंडावर कधीच नसते.”

 मग त्यांनी सगळं सांगितलं, ठकठक सोडून. आणि मग तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा उठून तिनं पंख्याचा वेग कमी केला, कारण त्यांचा आवाज फार बारीक येत होता.

“तिला खरं सांगू की बरं सांगू, तेच कळत नाही,” ते म्हणाले.

“बरं वाटावं म्हणून गोळ्या देतायत की तिला. तिनं तुमच्याकडे खरं मागितलंय.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “पैलवानभावजींना हे ठाऊक आहे?”

“पत्राचं नाही. आवाजाचंही नाही.”

“मग सकाळी जा. आणि वही घेऊन जा.”

पैलवान अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गुडघे गेले होते आणि उजवा हात थरथरायला लागल्यापासून तो तो हात खिशात ठेवायचा. मास्तरांच्या हातातली कापडात गुंडाळलेली वही त्यानं पाहिली आणि बसायला दुसरी खुर्ची दाखवली.

“पोरीनं गाठलं म्हणायचं तुला.”

“तूच तिला माझ्याकडे पाठवत होतास.”

“मग काय करणार? तू आपणहून कुठल्या बिळातून बाहेर आलायस आजवर?”

मास्तरांनी पत्र पुढे केलं. पैलवानानं ते लांब धरून वाचलं. वाचताना ओठ हलत होते. शेवटी आल्यावर तो पुन्हा वर गेला, तारखेपाशी.

“एकोणीस वर्षं,” तो म्हणाला. “दाखवायचंस तरी मला.”

“तुझं नाव गेलं असतं.”

“माझं नाव!” त्यानं पत्र गुडघ्यावर ठेवलं.

“आणखी एक आहे,” मास्तर म्हणाले. घरी एकदा बोलून झालं होतं म्हणून इथे जरा सोपं गेलं. आत मी पडलो होतो तेव्हा आवाज येत होता, ते म्हणाले. सारख्या अंतरानं. मला पाणी वाटलं. मी कुणाला बोललो नाही.

पैलवान बराच वेळ समोरच्या कुंपणाकडे पाहत राहिला. कुंपणापलीकडून कुणाची तरी सायकल गेली. घराच्या दारात त्याची मुलगी दोन कप घेऊन उभी होती. ती तिथेच थांबली.

“मिरी भुंकली की काय करायची, आठवतंय तुला?” त्यानं विचारलं.

“भुंकत राहायची.”

“ते सगळीच करतात. मिरी भुंकायची आणि माझ्या खिशाकडे बघायची. या उजव्या. सरावात तर एक डोळा तुझ्यावर, एक खिशावर. चेंडू कधी देतोस म्हणून.” त्यानं खिशातला हात बाहेर काढला. हात थरथरत होता आणि त्यात काहीच नव्हतं. “दुसऱ्यांदा भुंकली तेव्हा तिनं खिशाकडे बघितलं नाही. खाली बघत होती, फटीत. मी वाकलो, चेंडू काढून तिच्या नाकापुढे धरला. तिनं मान वळवली नाही.”

मास्तरांनी मांडीवरची वही सरळ केली.

“मी म्हटलं, दमली असेल. मी पण दमलो होतो. वर अधिकारी विचारत होता, यंत्र थांबलेलं, पश्चिमेला एक बाई हाका मारतेय असं कुणीतरी म्हणत होतं. आणि तुझा वास हे उत्तर हाताशी तयार होतं.” त्यानं हात पुन्हा खिशात घातला. “नुसत्या चेंडूवरून काय सांगता येतं? मीच मला रोज हे विचारतो.”

“नुसत्या आवाजावरूनही काय सांगता येतं,” मास्तर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पैलवानानं पत्राची घडी घातली, ती नीट जमेना, मास्तरांनी ती त्याच्या हातून घेऊन घातली.

“मला वाटायचं, तुला कळायला नको,” पैलवान म्हणाला. “तू तसाही रात्रभर जागा असायचास. तू लपण्यात पटाईत, हे माहीत होतं. मीही काही कमी निघालो नाही.”

मुलगी पुढे आली. तिनं कप खाली ठेवले, मास्तरांच्या मांडीवरची वही उचलली, खुणेचं पान उघडलं आणि वही स्टुलावर ठेवली. तिचा चेहरा केंद्रातला होता, घरातला नव्हता.

“नोंद मास्तरकाकांच्या अक्षरात पाहिजे,” ती म्हणाली. “शेजारी आजची तारीख. हँडलरच्या रकान्यात सही बाबांची.”

“केंद्राचं काय होईल, पोरी?”

“नियम अकराखाली कारण लिहिता येईल,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “पुढचं बघू.”

मास्तरांनी लिहिलं: पाच पन्नास, मिरी, पूर्व कोपरा, भुंकली. शेवटच्या रकान्यात वरच्या ओळीला ‘सराव’ होतं. तिथे त्यांनी ‘खरा इशारा’ लिहिलं. ओळ बरोबर पुरली. पैलवानानं डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केली. तिला इतका वेळ लागला की चहावर साय धरली.

पानाची प्रत काढून मास्तर घरी आले आणि उत्तर लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात क्षमा हा शब्द अकरा वेळा आला होता आणि मिरीची वंशावळही होती. बायकोनं तो वाचून विचारलं, यात तिच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पानावर आहे? दुसरा मसुदा दोन पानी झाला. तिसरा त्यांनी वाचायला दिला नाही.

“ताई, दोनदा.

तुम्ही एक शब्द मागितला होता, म्हणून तो आधी लिहिला. पहिल्यांदा माझ्यासाठी, दुसऱ्यांदा सहाला दहा कमी असताना, माझ्यासाठी नाही. तुमचे कान बरोबर होते. ती नोंद मी तेव्हा केली नाही, आता केली आहे. प्रत सोबत आहे, घरच्यांना दाखवावी.

मी आत असताना मला एक आवाज आला होता. सारख्या अंतरानं येत होता. मला पाणी वाटलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्हाला ते विचारता येणं शक्य नव्हतं, म्हणून सांगतो आहे. यापुढे जे विचाराल त्याचं उत्तर लगेच देईन.”

टपाल कचेरीत सकाळची गर्दी होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि भुवई उचलली. ही गल्ली आता राहिली नाही, तो म्हणाला, तिकडे सगळं नवं झालंय. पण जुनी माणसं आमच्या पोस्टमनला माहीत असतात, बघू. मग त्यानं पाकीट उलटं केलं.

“पाठवणाऱ्याचं नाव घाला, आजोबा. परत आलं तर कुठे धाडायचं?”

मास्तरांनी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. आपलं नाव त्या बाईंना ठाऊक नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लिहिलं: चष्मेवाले, हातात पुस्तक असलेले गृहस्थ. खाली घराचा पत्ता लिहिला.

त्या माणसानं ते वाचलं आणि खिडकीतून पाहिलं.

“चष्मा दिसतोय,” तो म्हणाला. “पुस्तक कुठंय?”

मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते आज रिकामेच आले होते.

शिक्का बसला. पाकीट मागच्या पोत्यात गेलं. मास्तर खिडकीपाशी तसेच उभे राहिले, पोत्याचं तोंड आवळून कुणीतरी ते आत नेईपर्यंत. रांगेतल्या बाईंनी, आजोबा, जरा सरकता का, असं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते बाजूला झाले. पहिल्यांदाही त्यांना ऐकू आलं होतं.